गावच्या छोट्या मराठी शाळेचं महिन्याचं पान कसं काढायचं आणि कसं चालू ठेवायचं

सकाळी इंग्लिश मिडियमची पिवळी गाडी गल्लीत हॉर्न मारत येते, ती सगळ्या गावाला दिसते. आपल्या सरकारी मराठी शाळेत तिसरीतली पोरगी मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही धडे घडाघडा वाचते ते कुणालाच दिसत नाही, कारण सांगणारं कुणी नसतंय. मग पारावर चार लोक बसले की शाळेबद्दल एकच बोलणं, पट कमी झाला, पट कमी झाला. बेळगाव तालुक्यात, खानापुरात, निपाणीकडं, कुठंही जा हेच ऐकू येतंय आणि मला मनापासून वाटतंय की निम्मा पट तर या बोलण्यानंच कमी होतो. आमच्या गावात आम्ही काही पालक आणि माजी विद्यार्थी मिळून शाळेचं महिन्याला एक पान काढतो, छापील, पाठपोट, ते गावात लावतो, वाचून दाखवतो, व्हॉट्सॲपवर टाकतो. आजूबाजूच्या गावातल्या बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्याकडं पण करायचंय, कसं सुरू करायचं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. पहिली ते पाचवी किंवा सातवीपर्यंतची छोटी शाळा, दोन-तीन शिक्षक, पन्नास-साठ पोरं, असं डोळ्यासमोर धरून लिहिलंय.

आधी परवानगी आणि माणसं

पहिल्यांदा मुख्याध्यापकांना भेटा. मग एसडीएमसीत विषय मांडा. आपल्या कर्नाटकात 2001 पासून सरकारी शाळांना ही कमिटी आहे, गावात लोक शाळा सुधारणा कमिटी म्हणतात. मीटिंगमध्ये सगळे बरं बरं म्हणतील, तेवढ्यावर उठू नका, प्रोसिडिंग बुकात ठराव लिहून घ्या की शाळेचं मासिक पान काढायचं, मजकूर मुख्याध्यापक बघून देणार आणि खर्च शाळेच्या पैशातनं करायचा नाही. हा शेवटचा भाग फार कामाचा आहे, कारण शाळेच्या ग्रँटला हात लावला की हिशोबाची भानगड मुख्याध्यापकांच्या डोक्यावर येते आणि दुसऱ्याच महिन्यात पान बंद पडतंय. सीआरपी सरांना (आसपासच्या शाळांच्या गटावर लक्ष ठेवणारे) पण तोंडी सांगून ठेवा, उद्या बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसमधनं कुणी विचारलं तर त्यांना माहीत असलेलं बरं.

आणि एक विनंती, हे काम शिक्षकांच्या गळ्यात मारू नका. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत 2 शिक्षक, म्हणजे एक ट्रेनिंगला गेला की सगळे वर्ग एकट्यावर, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, दूध-अंड्यांचा हिशोब ठेवायचा, निवडणूक आली की मतदार यादीचं काम, त्या माणसाला तुम्ही अजून बातम्या लिहा म्हणून कसं सांगणार. शिक्षकांनी फक्त शेवटी एकदा वाचायचं, नावं आणि तारखा बरोबर आहेत का बघायचं आणि सही करायची. बाकी टीम अशी जमवा: एक पालक जो दर महिन्याला मागे लागेल (हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि शक्यतो आई असू दे, आया जास्त चिकाटीनं करतात असं आमच्याकडं दिसलंय), गावातलं एक कॉलेजचं पोरगं किंवा पोरगी जी मोबाईलवर मराठी पटापट टाईप करते, आणि चौथी ते सातवीतली तीन-चार पोरं. पोरं दर दोन महिन्यांनी बदला, नाहीतर हुशार म्हणून नाव झालेली तीच ती पोरं सगळीकडं पुढं येतात आणि मागच्या बाकावरच्यांना वाटतंय हे आपलं नव्हेच.

बातमी वही

शाळेच्या व्हरांड्यात एक शंभर पानी वही खिळ्याला दोरीनं बांधून ठेवा आणि पेन पण दोरीला बांधा, नाहीतर पेन राहत नाही. वर लिहा बातमी वही. जे काय घडलं ते ज्यानं बघितलं त्यानं लिहायचं, तारीख घालायची, खाली नाव घालायचं. पोरं लिहितीलच, खरं दुपारच्या जेवणाच्या योजनेतल्या (अक्षर दासोह) स्वयंपाकाच्या मावशींना पण सांगा, शाळेशेजारच्या घरातल्या आजोबांना सांगा, त्यांना लिहायला येत नसेल तर पोरानं त्यांचं ऐकून लिहायचं. सुरुवातीला आठवडाभर वही रिकामी राहील, कुणाला कळत नाही बातमी म्हणजे काय. मग मधल्या सुट्टीत पोरांना बसवून विचारा, काल काय झालं? पोरं म्हणतील काय नाही झालं. परत विचारा, पाणी आलं का? नळाला कोण उभं होतं? दूध कुणी सांडलं? नवीन कोण आलं? अंडं कुणी दोन खाल्लं? मग जी सुरू होतात ती थांबत नाहीत, आणि त्यातली निम्मी बातमी गावाला ऐकायची असते.

आमच्या वहीत एका चौथीतल्या पोरानं लिहिलं होतं, बोअरची मोटर जळली म्हणून मावशी डोक्यावरनं घागरी आणून भात शिजवत होत्या, आज भात उशिरा झाला खरं सगळ्यांना मिळाला. बस, एवढंच. आम्ही ते तसंच छापलं, एक शब्द बदलला नाही, फक्त खाली घातलं की मोटर दुरुस्तीला एवढे पैसे लागतात, कमिटी बघतेय. ते डेअरीत वाचून एकानं स्वतःची मोटर आणून लावली, दुरुस्त होईपर्यंत वापरा म्हणाला. शाळेनं अर्ज करून हे झालं असतं का माहीत नाही, झालं असतं तरी एवढ्या लवकर झालं नसतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, टीमनं बसून वही उघडायची आणि त्यातनं आठ-दहा गोष्टी निवडायच्या. तासाभराचं काम आहे.

बातमी लिहायची कशी

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळं अडतंय ते इथंच. आपल्याला सवय असते पेपरात वाचलेली, कार्यक्रम उत्साहात संपन्न, अध्यक्षस्थानी अमुक, दीपप्रज्वलन तमुक, स्वागत, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार, आणि बातमी संपली. त्यात शाळा कुठंय? पोरं कुठं आहेत? उदाहरण देतो. पहिली पद्धत: "शाळेत वृक्षारोपण कार्यक्रम उत्साहात पार पडला. यावेळी मान्यवर, पालक व ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते." हे वाचून कुणाला काय कळलं? आता दुसरी: "मागच्या कुंपणाला पाचवीच्या पोरांनी शेवग्याच्या फांद्या लावल्या. फांद्या गल्लीतल्या आजींनी दिल्या. पाणी घालायची पाळी वर्गवार लावलीय, सोमवारी तिसरी, मंगळवारी चौथी, रविवारी शाळा बंद म्हणून आजी घालणार. शेंगा आल्या की आमटीत पडतील." दुसरी वाचली की माणूस येता-जाता कुंपणाकडं बघतो, फांद्या जगल्या काय म्हणून पोरांना विचारतो, आणि पुढच्या महिन्याची बातमी आपोआप तयार होते.

म्हणून प्रत्येक बातमीत हे बघा: कुणी केलं, काय केलं, कधी, किती, आणि पुढं काय होणार. किती हे विसरू नका, आकडा आला की बातमी खरी वाटते. "बऱ्याच पोरांनी पुस्तकं वाचली" असं नको, किती पोरांनी किती पुस्तकं ते मोजून लिहा, कमी असली तरी लिहा. वाक्यं बोलतो तशी ठेवा. पोरानं लिहिलेलं शुद्धलेखन तेवढं नीट करा, वाक्य त्याचंच राहू दे. आणि मोठा झालो की मी डॉक्टर होणार छापाचं काही त्यांच्या तोंडात घालू नका.

बक्षिसांच्या बातम्या घाला, जरूर घाला, प्रतिभा कारंजीत (शाळांच्या कलागुणांच्या स्पर्धेत) क्लस्टरला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात नंबर आला, तालुक्याला गेली, तर मोठ्या अक्षरात घाला. खरं महिन्यातली निम्मी जागा तरी अशा पोरांना द्या ज्यांना कधी बक्षीस मिळत नाही. जो रोज पहिला येऊन वर्ग झाडतो, जी धाकट्या भावाला काखेत घेऊन शाळेत येते, जो पंप दुरुस्त करणाऱ्या काकांजवळ बसून सगळं बघत होता आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चित्र काढून सांगितलं. त्या पोराच्या घरी ते पान भिंतीला चिकटवलेलं असतंय, मी स्वतः बघितलंय, देवाच्या फोटोशेजारी.

काय घालायचं नाही

कुणाचे मार्क, कुणाचं आजारपण, कुणाच्या घरातलं भांडण, कोण नापास, कुणाला शिक्षा झाली, यातलं काही म्हणजे काही नको. देणगीदारांची लांबलचक यादी नको, एका ओळीत नाव आणि काय दिलं ते, पाचशेवाल्याला आणि पाच हजारवाल्याला सारखीच ओळ. पुढाऱ्यांचे फोटो नकोत, शुभेच्छुक तर अजिबात नकोत, एकदा एका गटाचा फोटो आला की दुसऱ्या गटाच्या घरात पान जात नाही आणि शाळेत पोरं दोन्ही गटांची आहेत. सीमाप्रश्नावर गावात प्रत्येकाचं मत असतंय, माझं पण ठाम आहे आणि ते मी दुसरीकडं उघड बोलतो, खरं हे पान सरकारी शाळेच्या नावानं निघतंय, त्याच्यावर मुख्याध्यापकांची सही आहे, आपल्या मताची किंमत त्यांना मोजायला लावणं बरोबर नव्हे.

तक्रारीची गोष्ट वेगळी. छप्पर गळतंय, संडासाला दार नाही, शिक्षकाची जागा रिकामी आहे, हे गावाला कळलंच पाहिजे. ते कसं लिहायचं तर फक्त घडलेलं लिहायचं: "चौथीच्या वर्गात दोन ठिकाणी गळती आहे. पोरं तिसरीच्या वर्गात बसतात. एसडीएमसीनं 6 तारखेला अर्ज दिला, पोच घेतलीय." कुणाला दोष नाही, विशेषण नाही. आणि पुढच्या महिन्यात त्याच जागेवर परत एक ओळ, काय झालं. काहीच झालं नाही तर "अजून काही झालं नाही" हीच ओळ. दर महिन्याला तीच ओळ आली की वाचणाऱ्यांपैकीच कोणीतरी उठून पंचायतीत पीडीओंना (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) विचारतो.

कन्नडचा एक चौकोन

पान मराठीत, यात वाद नाही. खरं मागच्या बाजूला खाली आठ-दहा ओळींचा एक चौकोन कन्नडमध्ये ठेवा, त्यात महिन्यातल्या तीन मुख्य बातम्या थोडक्यात. कारण साधं आहे, बीईओ ऑफिसमध्ये, पंचायतीत, आरोग्य केंद्रात जे बसलेत त्यातल्या बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नाही, आणि शाळेचं चांगलं काम त्यांच्या टेबलावर त्यांच्या भाषेत गेलं तर आपलं नुकसान काय. शिवाय गावात कन्नड घरं पण असतात आणि त्यांच्यातली पण काही पोरं आपल्याच शाळेत येतात. हा चौकोन सहावी-सातवीच्या पोरांनी लिहायचा, कन्नडच्या शिक्षकांनी तपासायचा. आमच्याकडं या चौकोनामुळं पोरांचं कन्नड लिहिणं सुधारलं हे शिक्षकच सांगतात, कारण पुस्तकातलं उतरवून काढणं वेगळं आणि आपल्या शाळेची मोटर जळली हे कन्नडमध्ये कसं लिहायचं ते शोधणं वेगळं.

वर्षभर काय काय येतंय

बातम्या संपतील अशी भीती सुरुवातीला सगळ्यांना वाटते. संपत नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू, पहिलीत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, एकही सुटता कामा नये, आणि नवीन पुस्तकं, गणवेश, बूट आले का ते. जुलैत आमच्या पश्चिम भागात आणि खानापूरकडं पावसाचा जोर, ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीवरची पोरं येत नाहीत, पावसाची सुट्टी पडते, आणि घरोघरी भात लावणी, रताळ्याचे वेल लावणं. या दिवसात पोरांना एकच काम द्या, आपल्या शेतात किती माणसं लावणीला होती, कुठलं भात लावलं, ते विचारून या. ती गणिताची पण बातमी होते. मग पंचमीचे झोके, 15 ऑगस्टची प्रभातफेरी कुठल्या कुठल्या गल्लीतनं गेली आणि कुणी पोरांना काय वाटलं, गणपतीत कोण गावाकडं आलं, दसऱ्याला पाटीपूजन. दिवाळीच्या मागे-पुढे रताळी काढणी आणि मग सुगी. सुगीत गैरहजेरी वाढते, ते लपवू नका, कुठल्या आठवड्यात किती पोरं कमी होती ते सरळ लिहा आणि विनंती लिहा.

पंचायतीत मुलांची ग्रामसभा भरते, कन्नडमध्ये मक्कळ ग्रामसभे म्हणतात, त्याची बातमी तर अर्धं पान घ्या, कुठल्या पोरानं काय मागितलं आणि पंचायतीनं काय उत्तर दिलं ते शब्द न बदलता. सुगी संपली की आपल्या भागात साहित्य संमेलनांचा हंगाम, कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, कुठं ना कुठं ग्रंथदिंडी निघतेच, जवळच्या गावात असेल तर पोरांना न्या आणि पोरांनी तिथं काय ऐकलं त्यातलं काय कळलं ते लिहायला लावा. 3 जानेवारीला सावित्रीबाई, संक्रांतीला शाळेत आयांचं हळदीकुंकू, 19 फेब्रुवारीला शिवजयंती, 27 ला मराठी भाषा दिन. आणि 10 एप्रिलच्या आसपास निकाल आणि सुट्टी. मधेच गावची लक्ष्मी यात्रा आली तर ते वर्ष वेगळंच.

छापणं आणि पैसे

ए फोर कागद, पाठपोट, अक्षर मोठं, चौदाच्या खाली नको कारण वाचणाऱ्यात आजी-आजोबा जास्त. टायपिंग मोबाईलवर होतंय, वेळ नसेल तर कीबोर्डवरचं माईकचं बटण दाबून मराठीत बोला, आपोआप उमटतंय, नंतर नीट करून घ्या. डीटीपीवाल्याकडं दिलंत तर त्याला सांगा युनिकोडमध्येच कर, जुन्या फॉन्टमध्ये केलं की तो मजकूर मोबाईलवर उघडताना सगळा विचित्र दिसतो. आमची काही पानं तर पोरांनी हातानं लिहिलेलीच आहेत, काळ्या जेल पेननं, रेषा आखून, आणि लोकांना तीच जास्त आवडली. मास्टर कॉपी एक, बाकी झेरॉक्स. चाळीस-पन्नास प्रती छोट्या गावाला पुष्कळ झाल्या.

पैसे कुठून तर एका महिन्याचा झेरॉक्स खर्च एका घरानं द्यायचा, पोराच्या वाढदिवसाचा, आजोबांच्या आठवणीचा, कशाचाही. पानाच्या खाली एका ओळीत नाव, खर्च किती झाला, किती उरले. हिशोब दर महिन्याला छापा, दहा रुपये उरले तरी छापा. गावात पैशावरनं जेवढी चांगली कामं मोडतात तेवढी दुसऱ्या कशानं मोडत नाहीत.

गावात पोचवायचं कसं

घरोघरी वाटायची गरज नाही. जिथं लोक थांबून राहतात तिथं लावा: दूध डेअरी, पिठाची गिरण, रेशन दुकान, बसथांबा, देवळाची भिंत (पंच कमिटीला विचारून), स्त्रीशक्ती संघाची मीटिंग जिथं होते ते घर. डेअरी सगळ्यात भारी. सकाळी दूध घालायला रांग असते, कॅन पुढं सरकवत लोक उभेच असतात, फॅट लागेपर्यंत करायला काही नसतंय, तिथं डोळ्यासमोर पान असलं की वाचतातच. पान लॅमिनेशन करू नका, उगाच खर्च, प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाचा, पावसाळा निघतोय.

आणि वाचून दाखवा. संध्याकाळी देवळात हरिपाठ होतो, तो झाल्यावर दोन पोरांनी उभं राहून पाच मिनिटं मुख्य बातम्या वाचायच्या. आमच्याकडं हे सुरू केलं तेव्हा वाचणारं पोर थरथरत होतं, पाठीमागनं एक म्हातारे ओरडले, जोरात वाच की रे ऐकू येईना, आणि त्यानं असा आवाज काढला की बाहेर चपला घालणारे परत आत आले. आता कुणी वाचायचं यावरनं शाळेत पाळी लावावी लागते.

व्हॉट्सॲपसाठी वेगळा ग्रुप करा आणि सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील असं ठेवा, नाहीतर गुड मॉर्निंग आणि पक्षाचे मेसेज यांच्यात पान बुडून जातंय. पानाचा स्पष्ट फोटो टाका, सोबत पोराच्या आवाजात वाचलेला दोन मिनिटांचा ऑडिओ टाका. हा ऑडिओ आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी लांब गेला. आपल्या गावांतली माणसं पुण्यात, गोव्यात, कोल्हापुरात कामाला, कितीतरी घरातले फौजेत, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच म्हटल्यावर सैन्यात जाणं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बॉर्डरवर ड्युटीला असलेल्या जवानाला आपल्या पोराचं नाव शाळेच्या बातमीत ऐकायला मिळतंय, याच्यापुढं मला काही बोलता येत नाही.

फोटोबद्दल काळजी घ्या. ॲडमिशनच्या वेळीच किंवा जूनच्या पालक मीटिंगमध्ये एका कागदावर पालकांच्या सह्या घ्या, फोटो आणि नाव छापायला हरकत नाही म्हणून. 18 वर्षांखालच्या पोरांची माहिती डिजिटल वापरायला पालकांची संमती लागते हे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे, आणि कायदा नसता तरी विचारायला पाहिजेच. ज्या घरानं नको म्हटलं त्यांच्या पोराचा फोटो नाही, कारण विचारायचं नाही. फोटो जमिनीवर बसून पोराच्या उंचीवरनं काढा, काम करतानाचा, रांगेत उभं करून नको.

वर्षातनं दोन-तीनदा खरोखर मोठी बातमी असेल तर तरुण भारत, पुढारी, सकाळ यांच्या गावाकडच्या वार्ताहरांना द्या, पाच-सहा ओळी, तारीख, गाव-तालुका स्पष्ट, एक फोटो. दर आठवड्याला देत बसू नका.

वाचणाऱ्याला शाळेत आणायचं

पानाच्या मागच्या बाजूला वर एक छोटा कोपरा ठेवा, "शाळेला हे पाहिजे". त्यात महिन्याला एकच गोष्ट, लहान आणि नेमकी. शाळेचा सर्वांगीण विकास करा म्हटलं तर कोण काय करणार, पण "स्वयंपाकाच्या मोठ्या कुकरची रिंग गेलीय", "मुलींच्या संडासाच्या दाराला आतनं कडी नाही", "शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास टाळ आणि पखवाज शिकवणारं कुणी आहे का" असं लिहिलं की माणूस त्याच संध्याकाळी दारात येतो. पैसे मागण्यापेक्षा हात मागा. गवंडी, इलेक्ट्रिशियन, सुतार, शिवणकाम करणाऱ्या ताई, ओव्या पाठ असलेल्या आजी, सगळं गावात आहे. आणि पुढच्या पानावर पहिली ओळ, रिंग मिळाली, कुणी दिली. यात चुकू नका, ज्यानं दिलं त्याचं नाव दुसऱ्या महिन्यात नाही आलं तर तिसऱ्या वेळी कुणी देत नाही.

दुपारच्या जेवणाची खुली वेळ छापा, आमच्याकडं महिन्यातनं एक दिवस कुठलेही दोन पालक येऊन पोरांसोबत पंगतीत बसून जेवतात आणि कसं होतं ते चार ओळीत लिहितात. 2013 पासून शाळेत पोरांना दूध मिळतंय, आता अंडी, आणि अंडं खात नाही त्याला केळं, हे सगळं मिळतंय म्हणून कागदावर असतंय, आयांनी स्वतः बसून खाल्लं की गावात तेच खरं धरलं जातं. मावशींना पण बरं वाटतंय, त्यांच्या हाताला चव आहे हे कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

पालक मीटिंगची तारीख लावणी आणि सुगीच्या दिवसात घालू नका, कोणी येणार नाही आणि मग पालकांना काळजीच नाही असं उगाच बोललं जातंय. गावात वार पाळणूक असते त्या दिवशी लोक शेतावर जात नाहीत, तो दिवस धरा, संध्याकाळी, आया भाकऱ्या थापायच्या आधी. तारीख पानावर सगळ्यात वर.

जपून ठेवणं आणि एप्रिलचं काम

प्रत्येक महिन्याच्या दोन प्रती फाईलला लावा, एक मुख्याध्यापकांच्या कपाटात, एक कमिटीकडं. आपल्या भागातल्या बऱ्याच शाळा मुंबई इलाख्याच्या काळातल्या, कितींचे शतकमहोत्सव झाले आणि प्रत्येक ठिकाणी स्मरणिका काढताना माजी विद्यार्थी रजिस्टर चाळत बसले, नावं मिळाली, जन्मतारखा मिळाल्या, पण त्या वर्षी शाळेत नेमकं काय चाललं होतं ते कुठंच नव्हतं.

एप्रिलमध्ये वर्षाची सगळी पानं एकत्र स्टेपल करा, असे पंधरा-वीस गठ्ठे. अंगणवाडीच्या बाईंकडनं पहिलीत येणाऱ्या पोरांची यादी घ्या आणि सुट्टी पडायच्या आधी त्या प्रत्येक घरी जा, शक्यतो सातवीतल्या एका पोराला सोबत घेऊन. गठ्ठा दारात ठेवून येऊ नका, बसा, चहा घ्या, पहिलीच्या वर्गाच्या बातम्या उघडून दाखवा, आजीला वाचून दाखवा कारण घरात शेवटी आजी काय म्हणते त्याला वजन असतंय. इंग्लिश मिडियमला नावं ठेवू नका, त्यांचं मोठं पोरगं तिकडंच असू शकतंय. पहिलीपासून इंग्रजी विषय आपल्याकडं पण आहे, पुस्तकं-गणवेश फुकट, शाळा चालत पाच मिनिटांवर, एवढं सांगा आणि बाकी पानांना बोलू दे. शेवटच्या पानाच्या मागे प्रवेशाला लागणारे कागद मोठ्या अक्षरात छापून ठेवा, जन्माचा दाखला, आधार, फोटो. आणि ठळक एक ओळ घाला की वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याही पोराला प्रवेश नाकारता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. ऊसतोडीला, वीटभट्टीवर आलेल्या घरातली पोरं बहुतेक याच एका कागदावरनं बाहेर राहतात, तेव्हा एक गठ्ठा घेऊन भट्टीवर पण जाऊन या.